हार्ड क्लच, अडकणारा ब्रेक: एप्रिलमध्ये साफ केलेले लिव्हर दिवाळीपर्यंत कसे चालले

क्लच जड लागतोय म्हटलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "मालक, प्लेटा गेल्यात." मलाही तेच मिळालं. पण प्लेटा झिजल्या की क्लच स्लिप होतो. रेस वाढवली की इंजिन ओरडतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही. लिव्हर हार्ड होणं ही वेगळी तक्रार. माझी दीडशे सीसीची मोटारसायकल सोलापुरात सात रस्त्यापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत व्यवस्थित ओढत होती, फक्त संध्याकाळच्या गर्दीत डावं मनगट भरून यायचं. म्हणून प्लेटांचा खर्च बाजूला ठेवला आणि लिव्हरपासून इंजिनपर्यंत एकेक वस्तू उघडून पाहिली. एप्रिलमधलं ते काम दिवाळी झाली तरी टिकून आहे.

दोष नेमका कुठे आहे ते आधी बघावं. लिव्हरजवळ केबलची ढील कमी-जास्त करणारा ॲडजस्टर आणि त्याची चकती फिरवून दोन्हींच्या खाचा लिव्हरच्या खाचेसमोर आणल्या की केबल बाहेर निघते. मोकळा लिव्हर बोटाने नुसता हलवला तरी सैल फिरला पाहिजे. माझा जिथे नेऊन सोडावा तिथेच बसून राहायचा. केबल दोन्हीकडून सुटी करून आतली तार मागे-पुढे ओढली तर तीही मध्येच खरखरत होती. इंजिनवरचा क्लचचा आर्म मात्र हाताने दाबला की जोर लागत असला तरी एकसारखा जायचा आणि सोडला की पटकन परत यायचा. म्हणजे इंजिनच्या आत हात घालायची गरज नव्हती.

लिव्हरचा बोल्ट काढायचा तर खालचा लॉक नट आधी सैल करावा लागतो. बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगाला काळा, डांबरासारखा चिवट थर होता. जुनं ग्रीस, रस्त्याची धूळ आणि त्यात चक्क सुताचे बारीक तंतू! आमच्याकडे टॉवेलचे लूम चालतात आणि गाडी शेडच्या तोंडाशीच उभी असते, त्यामुळे उडणारं सूत ग्रीसला चिकटत जातं. वरून कितीही स्प्रे मारला तरी हा थर निघत नाही, फक्त ओला होतो. आठवडाभर लिव्हर मऊ वाटतो, मग त्या ओलाव्यावर नवीन धूळ बसते. त्यामुळे रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने बोल्ट, बुश (बोल्टभोवतीची छोटी नळी) आणि लिव्हरचं भोक धातू चमकेपर्यंत पुसलं. बोल्टवर गंजाचे ठिपके होते, ते बारीक पॉलिश पेपरने काढले. मग ग्रीसचा अगदी पातळ हात. बाहेर येईल इतकं ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण.

परत बसवताना बोल्ट फार आवळला की लिव्हर पुन्हा जाम होतो. बोल्ट बसवून लिव्हर हलवून बघायचा, मग बोल्ट एका पान्याने धरून ठेवून खालचा नट आवळायचा. गॅरेजमधला पोरगा घाईत दोन्ही एकदम दाबून टाकतो आणि नवा लिव्हरही हार्ड लागतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

केबलचं म्हणाल तर जुनीत ऑइल सोडून पाहिलं. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा रबर बँडने बांधला, त्यात ऑइल ओतलं आणि रात्रभर खिळ्याला टांगून ठेवली. सकाळी खाली काळं पाणी गळलेलं. खरखर कमी झाली, पण निप्पलजवळ, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळीजवळ, तारेचा एक पदर तुटलेला दिसला, मग ती टाकूनच दिली. निप्पल लिव्हरच्या खोबणीत फिरलं पाहिजे. ते सुकून अडकलं की दर वेळी तार तिथेच वाकते आणि एकेक पदर तुटत जातो. त्यामुळे तिथे चिमूटभर ग्रीस लावायचंच. नवी केबल आतून नायलॉनचं अस्तर असलेली घेतली. अशा केबलमध्ये ग्रीस भरू नये. घट्ट ग्रीसने तार उलट जड होते. सुरुवातीचे काही दिवस केबल थोडी बसली, फ्री प्ले म्हणजे लिव्हरची ढील वाढली, ती ॲडजस्टरवर परत घेतली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील सांगितलेली असते, तरी आपल्या गाडीचं पुस्तक एकदा बघावं.

पुढच्या डिस्क ब्रेकच्या लिव्हरचं काम दिसायला तसंच, पण तिथे हाताला येईल ते ग्रीस चालत नाही. लिव्हर जिथे मास्टर सिलेंडरचा (ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन दाबतो, तिथे लगेच मागे रबर असतं. ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं हे रबर साध्या पेट्रोलियम ग्रीसने फुगतं. त्या जागी सिलिकॉन ग्रीस. छोटी ट्यूब मिळते, वर्षानुवर्षं पुरते. स्प्रे मारायचा मोह तर इथे टाळाच. उडून डिस्कवर गेला तर ब्रेकच लागणार नाही.

ब्रेकचा लिव्हर अडकणं ही क्लचसारखी नुसती मनगटाची तक्रार नाही. तो पूर्ण परत आला नाही, तर पिस्टनही थोडा दाबलेलाच राहतो आणि ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक बंद राहतं. पॅड घासून ऑइल तापतं, तापलं की फुगतं, फुगलं की पॅड आणखी दाबतं. मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीसच्या वर असताना हे चाललं तर चाक जाम व्हायला वेळ लागत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे ब्रेक सोडल्यावरही मागचा लाल दिवा चालू राहतो. माझा तसा राहत होता, मी बल्बचा स्विच गेला असं समजत होतो. लिव्हर साफ केल्यापासून दिवा वेळेवर विझतो. सगळं साफ करूनही लिव्हर परत येत नसेल, तर दोष मास्टर सिलेंडरमध्ये. ते मात्र घरी उघडू नका, जाणत्या मिस्त्रीकडे द्या.

पावसाळ्यात काय होतंय याची धाकधूक होती. सप्टेंबरच्या धो-धो पावसातही क्लच तसाच राहिला. बिघडवला तो वॉशिंग सेंटरने. तिथला प्रेशरचा फवारा थेट लिव्हरच्या सांध्यावर धरला गेला आणि दोनच दिवसांत चुईं-चुईं सुरू. पुन्हा बोल्ट काढून पुसून ग्रीस लावलं. तेव्हापासून त्यांना हँडलजवळ साधं पाणी मारायला सांगतो, ते ऐकतात असं नाही. मध्ये एकदा लाइटच्या वायरिंगचं काम झालं, तेव्हा क्लच केबलही वायरींबरोबर टायने आवळून टाकली होती. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की क्लच जड! टाय कापला, केबलला मोठा, मोकळा वळसा दिला, काम झालं.

आणि ते रंगीत, आखूड फॅन्सी लिव्हर? मित्राने बसवलेत. दिसायला झकास, पण दांडा आखूड म्हणजे जोर जास्त. आधीच हार्ड असलेल्या क्लचला ते लावून त्याने काय कमावलं, त्यालाच ठाऊक.

वडिलांच्या शंभर सीसीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. तिची पुढची केबल आणि लिव्हर केल्यावर बराच फरक पडला, पण ड्रममधला कॅम (ब्रेकचे लायनर बाहेर ढकलणारा तुकडा) सुकलाय, ब्रेक सोडल्यावर आर्म सावकाश मागे येतो. त्यासाठी चाक काढायचं, कॅमला जेमतेम ग्रीस लावायचं आणि ते लायनरला लागणार नाही हे बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम. वडिलांचं म्हणणं, "गाडी चालालीय की, कशाला खोलालास?" ते तुळजापूरला एसटीने जातील त्या दिवशी चाक काढणार आहे.