यूव्ही बॉक्स, तेरा महिन्यांच्या वापरानंतर : ट्यूबपेक्षा जाळीने जास्त छळलं

मोबाइल, चष्मा अशा वस्तू अतिनील (यूव्ही) प्रकाशाने निर्जंतुक करायच्या या बॉक्सची जाळी परवा तिसऱ्यांदा बदलली. ट्यूब एकदा बदलून झाली आहे, झाकणाचा स्विच एकदा. तेरा महिन्यांत एवढं झाल्यावर आता लिहायला हरकत नाही. बॉक्स किती लिटरचा, किती वॅटचा ते सांगत बसत नाही. माझा दोन ट्यूबवाला आहे. एक झाकणात, एक तळाशी, मधे वस्तू ठेवायला तारेची जाळी. जुलै २०२० मध्ये ४,७९९ रुपयांना घेतला.

घेतला तो कोरोनाच्या भीतीपोटी, हे आधीच सांगते. आम्ही डोंबिवलीत राहतो, वन बीएचके. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, दम्याच्या. हे बँकेत कॅश काउंटरला, शाखा कल्याणला. लोकल बंद झाल्या, दुकानं बंद झाली, पण बँक एक दिवस बंद नव्हती. हे रोज स्कूटरवरून जायचे आणि दिवसभर लोकांच्या खिशातल्या, पदराच्या गाठीतल्या नोटा मोजून घरी यायचे. खाली स्कूटर लागल्याचा आवाज आला की मी दार उघडून पाण्याची बादली पुढे सरकवायची. हात बाहेरच धुवायचे, कपडे थेट बाथरूममध्ये, मग आंघोळ, तोवर कशाला हात नाही. माणूस असा धुवून घेता येतो. मोबाइल, चष्मा, किल्ल्या, पाकीट, काउंटरवरचं पेन यांचं काय करायचं? सॅनिटायझरने पुसून पुसून चष्म्याच्या काचेवरचं कोटिंग दोन महिन्यांत उडालं. नव्या काचांचे १,८०० रुपये गेले. २०० मिलीची सॅनिटायझरची बाटली सरकारने १०० रुपयांवर बांधून दिली होती तरी आमच्याकडे आठवड्याला एक संपायची.

त्यात ती तासांची बातमी. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तास आणि तांब्यावर ४ तास टिकलेला आढळला, असं मार्च २०२० मध्ये सगळीकडे छापून आलं होतं. ते आकडे माझ्या डोक्यात जे बसले ते निघालेच नाहीत. घरातल्या प्रत्येक वस्तूला मी तास लावायला लागले. किराणा बाल्कनीत तीन दिवस, खोकी एक दिवस. एप्रिलमध्ये सरकारने घरोघर पेपर टाकणं थांबवलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, दारात येणारी एक वस्तू कमी झाली म्हणून. आमच्या लिफ्टशेजारी थर्माकोलमध्ये टूथपिक खोचून ठेवल्या होत्या, बटण दाबायला. वापरलेली टूथपिक कुणी परत खोचली असेल तर, या विचाराने मी चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच जायचे. बोटांच्या पेरांवर साबणाने चिरा पडल्या होत्या. कणीक मळताना मीठ असं झोंबायचं की परात बाजूला ठेवावी लागायची.

कोथिंबीर मी भांड्याच्या साबणात धुवायचे. भाजीला साबण लावू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, असं एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सांगितलेलं नंतर वाचलं. एका रविवारी त्या कोथिंबिरीची चटणी केली. सासूबाईंनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तांब्यातलं पाणी प्यायल्या. मी चाखून पाहिली तर फेसाची चव. त्याच आठवड्यात बॉक्स मागवला.

पहिले तीन महिने मी या बॉक्सवर खूश होते, आणि ते खरं समाधान होतं. हे आले की बॉक्समध्ये मोबाइल, चष्मा, किल्ल्या, झाकण लावायचं, बटण दाबायचं, आठ मिनिटांनी टिंग वाजायचं. ओलं नाही, वास नाही, पुसापुशी नाही. दुधाच्या पिशव्यांसाठी मात्र याचा उपयोग नाही, त्या साबणाच्या पाण्याने धुतलेल्याच बऱ्या. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. त्याला वीज लागत नाही. नोटांनाही उपयोग नाही. एकावर एक ठेवल्या की खालच्या नोटेला प्रकाश लागतच नाही. एकेक पसरून ठेवायच्या तर पगार लावायला रात्र जाईल.

आता जाळी.

ऑक्टोबरमध्ये ह्यांच्या मोबाइलचं मागचं पारदर्शक कव्हर पिवळं पडलं. या प्रकाशाने प्लॅस्टिक आणि रबर पिवळं पडतं, कडक होतं. मास्कची इलास्टिकंही त्यात ठेवून सैल पडली होती. म्हणून पिवळेपणाचं काही वाटलं नाही, उलट ट्यूब खरी आहे याचीच खूण मिळाली. (नुसता निळा-जांभळा एलईडी लावून विकलेले बॉक्सही बाजारात आहेत, त्यांच्यापासून जपा.) पण कव्हर काढून खिडकीपाशी उजेडात धरलं तर पिवळ्या रंगात पांढऱ्या रेघा. आडव्या आणि उभ्या, रांगोळीच्या कागदावर असतात तशा सरळ चौकटी. मोबाइल रोज त्याच कोपऱ्यात, त्याच बाजूने ठेवला जायचा. मी कव्हर जाळीवर ठेवून पाहिलं. रेघेवर रेघ बसली.

म्हणजे तीन महिने जिथे तार टेकत होती तिथे प्रकाश पोचलाच नव्हता. २५४ नॅनोमीटरचा हा प्रकाश सरळ जातो, तारेला वळसा घालून पलीकडे जात नाही. जिथे पडला तिथे काम झालं, जिथे सावली तिथे काहीच नाही. माझ्या जाळीची तार जाड आहे, सुतळीएवढी, आणि चौकटी लहान. वर पांढरा रंग दिलाय, त्याने ती आणखी जाड झाली. खोक्यावर छापलंय, सर्व बाजूंनी निर्जंतुकीकरण. ज्यांनी हे छापलं त्यांनी एकदाही एक वस्तू त्या जाळीवर महिनाभर ठेवून पाहिली नसेल. मी कव्हरचा फोटो काढून कंपनीला पाठवला. उत्तर आलं की पिवळेपणा सामान्य आहे, वॉरंटीत येत नाही. मी पिवळेपणाबद्दल विचारलंच नव्हतं. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा पिवळेपणाचंच उत्तर.

त्या दिवसापासून मी वस्तू मधेच उलटायला लागले. आठ मिनिटं एक बाजू, आठ मिनिटं दुसरी. त्यामुळे ट्यूब दिवसाला दुप्पट वेळा चालू-बंद व्हायला लागली, ते पुढे महागात पडलं.

भाच्याने सुचवलं, जाळी काढून काचच टाक. फोटोफ्रेमवाल्याकडून मापाची काच कापून आणली, १४० रुपये. बसवली, दिसायला सुंदर. मग वाचलं की साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून या ट्यूबा क्वार्ट्झच्या किंवा वेगळ्या काचेच्या बनवतात. म्हणजे खालची ट्यूब नुसती बल्बसारखी पेटत होती. काच काढली. मग हार्डवेअरच्या दुकानातून तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी आणली, कडेला भोकं पाडून मी स्वतः विणली. बारीक, पारदर्शक, सावली जवळजवळ नाही. सात आठवड्यांत तीही पिवळी पडून कडक झाली आणि एका संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा तिच्यासकट खालच्या ट्यूबवर पडला. ट्यूब फुटली नाही हे नशीब. तिच्यात पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडून घरातल्यांना बाहेर काढायचं, तुकडे झाडूने झाडायचे नाहीत, हे तेव्हा शिकले.

स्विचबद्दल लिहिते, कारण तो दोष सगळ्यात धोक्याचा होता. झाकण उघडलं की ट्यूब विझली पाहिजे. डिसेंबरमध्ये तो स्विच आत अडकून बसला. ह्यांनी टिंग वाजायच्या आधी झाकण उघडून चष्मा शोधला, दोन्ही ट्यूब पेटलेल्या. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं, पाणी थांबेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, वेल्डिंगकडे पाहिलं होतं का? दोन दिवसांत उतरलं. डब्ल्यूएचओने हात किंवा अंग यूव्ही दिव्याखाली धरू नका म्हणून सांगितलंय ते याचसाठी. स्विच कंपनीने फुकट बदलून दिला, एकोणीस दिवसांनी. बॉक्स घेतला असेल तर झाकण बोटभर उघडून आधी ते तपासा, तोंड बाजूला करून.

मार्च २०२१ मध्ये खालची ट्यूब गेली. वॉरंटी वर्षाची, पण ट्यूब त्यात नाही, हे कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. सर्व्हिसवाल्यांनी ट्यूबचे १,६५० सांगितले, वर बॉक्स आम्हीच कुरिअर करायचा. मी म्हटलं, नुसती ट्यूब द्या, मी बसवते. नुसती मिळत नाही म्हणाले. चार हजारांच्या वस्तूला दीड हजाराची ट्यूब हा हिशेब मला पटला नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात एप्रिलच्या मध्यावर राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागले आणि सगळंच थांबलं.

ट्यूब मिळाली जूनमध्ये, तीही अनपेक्षित. पाण्याचा प्युरिफायर साफ करायला आमचा नेहमीचा दादा आला होता. त्याने बॉक्सकडे पाहिलं, तळ उघडला आणि म्हणाला, “वहिनी, ही तर आमचीच ट्यूब. अकरा वॅट, चार पिनची.” बॅगेतून काढली, खटकन बसली, पेटली. ३५० रुपये. जुन्या ट्यूबची टोकं काळी पडली होती. ती मला दाखवून म्हणाला, “ही चालू ठेवून जात नाही, चालू-बंद करून जाते. तुम्ही दिवसातून किती वेळा करता?” मी वस्तू उलटण्याचं सांगितलं. त्याने जाळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, तार बदलू, बारीक स्टीलची ताणून देतो. तीच ही परवाची तिसरी जाळी. आता वस्तूला टेकते ती रेघ सुईएवढी आहे. या माणसाने दहा मिनिटांत जे पाहिलं ते कंपनीने तीन पत्रांत पाहिलं नाही.

इथपर्यंत लिहून मी पाच तारे द्यायचे की तीन, यावर दोन दिवस घातले. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हे पॉझिटिव्ह आले, चार दिवसांनी मी, मग सासूबाई. बॉक्सची वरची ट्यूब तेव्हा चालू होती, वस्तू मी उलटत होते, दूध धुवत होते. ह्यांच्या शाखेत त्या आठवड्यात सहा जण आजारी पडले. शाखा एसीची, खिडक्या कायमच्या बंद. आमच्या घरात स्वयंपाकघराची खिडकी मी वर्षभर उघडली नव्हती, समोरच्या इमारतीत रुग्ण निघाले म्हणून. सासूबाईंनी मार्चमध्ये लसीचा पहिला डोस घेतला होता, त्याने हात दिला असं डॉक्टर म्हणाले. ऑक्सिमीटरवर ९२ आणि ९३ पाहत मी अकरा रात्री त्यांच्या पलंगाशी बसले. पालथं झोपवलं की ९५ दिसायचं. त्या निभावल्या.

त्या रात्री खिडकी उघडायला मला कुणी सांगितलं नाही, त्यांना श्वास हवा म्हणून मीच उघडली. बऱ्या झाल्यावर वाचत बसले. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, ५ एप्रिल २०२१ लाच लिहिलं होतं की दूषित पृष्ठभागाला हात लागून हा संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी. डब्ल्यूएचओनेही एप्रिलअखेर कोंदट, गर्दीच्या जागी हवेतून संसर्ग होतो हे स्पष्ट लिहिलं. आम्ही आजारी पडलो तेव्हा मी तारेच्या रेघा मोजत होते. मला याचा राग आहे, तो बॉक्सवर नाही. वर्षभर हात, हात, वस्तू, वस्तू हेच कानावर पडत होतं आणि हवेचं कुणी तेवढ्या मोठ्याने सांगितलं नाही, त्याचा आहे.

म्हणून आज कुणी विचारलं तर सांगेन, नवा घेऊ नका. ४,७९९, वर काचेचे १४०, ट्यूबचे ३५०, तारेचे १२०. यात स्वयंपाकघराला चांगला एक्झॉस्ट पंखा आणि ह्यांना पुरेसे एन-९५ मास्क आले असते. पंखा मी जुलैत त्याच दादाकडून बसवून घेतला, मजुरीसकट १,४५०. फोडणी दिली की आता सासूबाईंना ठसका लागत नाही.

ज्यांच्याकडे बॉक्स आहे त्यांनी टाकूनही देऊ नका. चष्मा आणि मोबाइलसाठी तो अजून बरा आहे, आमच्याकडे रोज एकदा लागतो. फक्त मोबाइलचं कव्हर काढून एकदा उजेडात धरा. रेघा दिसल्या तर जाळी बदलून घ्या, आणि तळाच्या ट्यूबला हात लावण्याआधी प्लग काढा.