घरच्या घरी छातीचा व्यायाम : एका ॲडजस्टेबल बेंचचे आणि त्यासोबत येणाऱ्या वजनांचे परीक्षण

घरी राहून छाती भरावी अशी इच्छा असणाऱ्याला ऑनलाइन बाजारात सर्वांत आधी दिसते ते ‘होम जिम किट’. त्यात पाठ वरखाली करता येणारा बेंच, सिमेंट भरलेल्या पीव्हीसी प्लेटांचा २० किलोंचा संच, १४ इंची डंबेलचे दोन दांडे, एक सरळ आणि एक वाकडा रॉड, हातमोजे, शेकर आणि छापील आहार तक्ता इतके सामान येते. सुमारे नऊ हजार रुपयांचा असा एक संच आमच्या घरी बऱ्याच काळापासून आहे आणि मी व माझा भाचा असे दोघेही तो नियमितपणे वापरतो. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण याच साच्यातील बेंच थोड्याफार फरकाने निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि पुढील निरीक्षणे त्यांतील बहुतेकांना लागू पडतील. संपूर्ण शरीराच्या व्यायामासाठी हा संच कसा आहे, हा या परीक्षणाचा विषय नाही. वजने उचलून छातीचे स्नायू वाढवायचे असतील तर या पैशांत नेमके काय पदरात पडते, एवढ्यापुरतेच ते मर्यादित आहे. माझे मत आधीच सांगतो : बेंच घेण्याजोगा आहे, त्यासोबतची वजने नाहीत.

बेंचची परीक्षा करण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. छातीचा मुख्य स्नायू पंख्यासारखा पसरलेला असून त्याचे वरचे तंतू गळपट्टीच्या हाडापासून, तर मधले व खालचे तंतू छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघतात व सगळे मिळून दंडाच्या हाडाच्या वरच्या भागाला जोडले जातात. बाजूला उघडलेला दंड शरीरासमोर ओढून आणणे हे या स्नायूचे मुख्य काम. सपाट बेंचवर वजन वर ढकलताना मधले आणि खालचे तंतू जास्त राबतात. पाठ थोडी उचलली की भार वरच्या तंतूंकडे सरकतो आणि ती फारच उभी केली तर छातीऐवजी खांद्याचा पुढचा स्नायू काम ताब्यात घेतो. म्हणून वरच्या छातीसाठी ३० अंशांच्या आसपासचा कोन उपयुक्त ठरतो आणि ४५ अंशांच्या पुढे गेल्यास तो व्यायाम बहुतांशी खांद्याचा होतो. बेंचला किती जागा (म्हणजे पाठ अडकवता येईल असे कोन) आहेत यापेक्षा ३० अंशांच्या जवळपास एक तरी जागा आहे की नाही, हे ग्राहकाने पाहावे.

आमच्या बेंचला सपाट जागेखेरीज वर जाणाऱ्या पाच आणि खाली झुकणारी एक जागा आहे. मोबाइलमधील कोनमापकाने मोजले असता वरची पहिली जागा १७, दुसरी ३१ आणि तिसरी ४६ अंशांची निघाली. जाहिरातीच्या चित्रातील तरुण तिसऱ्या जागेवर वजने उचलताना दाखवला आहे आणि त्याखाली ‘वरच्या छातीसाठी’ असे छापले आहे. चित्राकडे दुर्लक्ष करून दुसऱ्या जागेवर खिट्टी लावली की काम होते. १७ अंशांची जागाही वाया जाणारी नाही. ज्यांचा खांदा सपाट बेंचवर कुरकुरतो त्यांना या किंचित चढावर दाब देणे पुष्कळदा सोपे जाते आणि छातीचा वरचा व मधला असे दोन्ही भाग त्यात चांगले कामाला लागतात. खाली झुकणाऱ्या जागेबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. पाय अडकवण्याचे फोमचे रोलर ढिले आहेत, दोन्ही हातांत डंबेल घेऊन डोक्याकडे घसरत जाणे धोक्याचे आहे आणि खालच्या छातीला सपाट बेंचवर पुरेसे काम मिळते.

रुंदी आणि उंचीसाठी मी स्पर्धेतील बेंचचे माप प्रमाण मानले. पॉवरलिफ्टिंग या वजन उचलण्याच्या स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बेंचची रुंदी २९ ते ३२ सेंटिमीटर आणि जमिनीपासूनची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर असावी लागते. आमच्या बेंचची रुंदी २५ सेंटिमीटर भरली. चार सेंटिमीटरांची ही तूट कागदावर किरकोळ दिसते. पण छातीवर दाब देताना दोन्ही खांद्यांची पाती मागे आवळून बेंचमध्ये रोवायची असतात आणि अरुंद गादीवर त्यांचा जेमतेम आतला काठ टेकतो. हलक्या वजनाला हे जाणवत नाही. एका हातातले डंबेल १५ किलोंच्या पुढे गेले की मात्र रुंद पाठीच्या माणसाला आपण कठड्यावर झोपलो आहोत असे वाटू लागते आणि छातीतली ताकद तोल सांभाळण्यात खर्च होते. उंची ४६ सेंटिमीटर असली तरी अंगाच्या वजनाने फोम थोडा दबतो, त्यामुळे मला अडचण आली नाही. भाच्याची उंची पाच फूट तीन इंच असल्याने त्याच्या टाचा पूर्ण टेकत नसत आणि पाय घट्ट रोवल्याशिवाय नीट दाब देता येत नाही. त्याने दोन्ही पायांखाली एकेक पीव्हीसी प्लेट ठेवली. या संचातील प्लेटांचा याहून चांगला उपयोग आम्हाला सापडलेला नाही.

फोम कडक आहे, आणि हा गुणच समजावा. बसायला मऊ वाटणारी गादी दुकानात सुखाची वाटते, पण भार आल्यावर खांदे तिच्यात रुततात आणि पाती मोकळी सुटतात. पाठ आणि बैठक यांच्यामधली फट तीन बोटांची आहे. सपाट स्थितीत ती नेमकी कंबरेखाली येते, परंतु तिचा त्रास जाणवत नाही. चौकट चौकोनी पोलादी पाइपची असून अख्खा बेंच सुमारे १८ किलो भरतो. पाठीला आधार देणाऱ्या खिट्टीच्या छिद्रात मात्र किंचित सैलपणा आहे, त्यामुळे प्रत्येक सेटच्या (वजन सलग काही वेळा उचलण्याच्या फेरीच्या) सुरुवातीला पाठ अर्धा सेंटिमीटर हलते. याने अपघात होणार नाही. मन मात्र विचलित होते. खिट्टीऐवजी शिडीसारख्या खाचांत दांडा अडकवण्याची रचना असलेला बेंच मिळत असेल तर हजारभर रुपये जास्त देऊन तोच घ्यावा.

जाहिरातीत ‘क्षमता ३०० किलो’ असे ठळक लिहिले आहे. हा आकडा स्थिर भाराचा समजावा आणि त्यात माणसाचे स्वतःचे वजनही धरावे. डंबेल खाली आणून झटक्यात थांबवले की बेंचवर येणारा क्षणिक भार प्रत्यक्ष वजनापेक्षा बराच जास्त असतो. शिवाय आकडा सपाट स्थितीचा आहे की पाठ उचललेल्या स्थितीचा, याचा खुलासा माहितीपत्रकात नाही. घरगुती वापरात तेवढ्या वजनाच्या जवळपासही कोणी जाणार नाही, म्हणून या दाव्यावर मी अधिक वेळ घालवत नाही.

आता वजनांकडे येऊ, कारण खरी निराशा तिथे आहे. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. ७० किलोंच्या माणसासाठी हा भार ४५ किलोंच्या आसपास होतो. या संचातील सगळ्या प्लेटा दोन दांड्यांवर चढवल्या तरी दोन्ही डंबेल आणि दांडे मिळून २३ किलोंच्या पुढे जात नाहीत. म्हणजे ज्याला सलग २०–२५ पुश-अप निघतात, त्याच्या छातीला या वजनांनी मिळणारे काम तो जमिनीवर फुकट करत असलेल्या कामापेक्षा कमी आहे. डंबेल तोलून धरावे लागतात आणि ते पुश-अपपेक्षा खोलवर नेता येतात, ही सूट दिली तरी तफावत फार मोठी राहते. ज्याने आजवर कधीच व्यायाम केलेला नाही त्याला हा संच दोन-तीन महिने पुरेल. तालमीत जोर काढलेल्या मुलाला तो पहिल्या आठवड्यातच हलका पडेल.

दुसरा दोष प्लेटांच्या आकाराचा आहे. पीव्हीसीच्या कवचात सिमेंट भरलेले असल्याने दोन किलोंची प्लेटही जाड आणि मोठ्या व्यासाची होते. दांड्याच्या एका बाजूला तीन प्लेटांनंतर नट फिरवायला जागा उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे डंबेल खाली आणताना प्लेटेची कड छातीला किंवा दंडाला लागते आणि हात पूर्ण खाली जायच्या आधीच थांबतात. छातीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत असताना त्यावर पडणारा भार वाढीसाठी विशेष मोलाचा मानला जातो, आणि ही प्लेट नेमका तोच टप्पा कापून टाकते. बिडाच्या किंवा रबराच्या आवरणाच्या लोखंडी प्लेटा तेवढ्याच वजनात निम्म्याहून कमी जागा घेतात.

त्यातून वजन वाढवण्याचा प्रश्नही येतो. स्नायू वाढायचा तर त्यावरील काम हळूहळू वाढत गेले पाहिजे. मग ते वजन वाढवून असो वा त्याच वजनाच्या आवर्तनांची, म्हणजे ते एका सेटमध्ये जितक्या वेळा उचलायचे त्याची, संख्या वाढवून. १० किलोंच्या डंबेलवरून एकदम १२.५ किलोंवर जाणे म्हणजे २५ टक्क्यांची उडी आहे, आणि बायसेप्ससारख्या लहान स्नायूंनाच नव्हे तर छातीलाही ती सहसा झेपत नाही. त्यामुळे एका वजनावर ८ आवर्तनांपासून सुरुवात करून ती १२ किंवा १५ पर्यंत नेणे आणि मगच पुढच्या वजनाला हात घालणे हा घरी व्यायाम करणाऱ्यासाठी सोयीचा मार्ग ठरतो. अर्धा आणि एक किलोच्या प्लेटा जवळ असतील तर तो आणखी सुकर होतो. या संचात एक किलोच्या प्लेटा नाहीतच. आवर्तने नेमकी किती असावीत याचा बाऊ करू नये. ६ असोत वा २५, शेवटची दोन-तीन खरोखर जड गेली आणि आठवड्याला छातीचे दहाच्या आसपास सेट झाले, तर दोन्ही प्रकारे स्नायू वाढतो.

म्हणून बेंच सुटा घ्यावा आणि प्लेटा स्थानिक दुकानातून किलोच्या भावाने घ्याव्यात, असे माझे मत आहे. मुंबईत धोबी तलावच्या परिसरात खेळाच्या साहित्याची जुनी दुकाने आहेत, आणि इतर शहरांतही अशा दुकानांतून लोखंडी प्लेटा सुट्या मिळतात. प्लेट हातात घेऊन पाहता येते, वजनकाट्यावर ठेवता येते आणि पुढे ताकद वाढेल तशी भर घालता येते. प्लेटेच्या मधल्या छिद्राचे माप मात्र आपल्या दांड्याशी जुळते की नाही, हे दांडा सोबत नेऊनच पाहावे. संचातील सरळ रॉडने एकट्याने बेंच प्रेस (बेंचवर उताणे झोपून रॉड छातीवरून वर ढकलणे) करू नये, हेही येथे नोंदवतो. या बेंचला रॉड ठेवायचे खांब नाहीत. दमलेल्या हातांतला रॉड छातीवर अडकला तर तो उचलायला दुसरे कोणी असावे लागते. डंबेल निदान दोन्ही बाजूंना खाली सोडता येतात. त्यासाठी खाली जाड रबराची चटई अंथरावी, नाहीतर फरशीपूर्वी खालच्या मजल्यावरचे शेजारी तुटतील.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असे संच मोठ्या अपेक्षेने घेतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहितो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर अधिक भरावी लागते. बेंचवरील व्यायामाने पहिले माप सुधारते, कारण टेप स्नायूंवरून फिरते. फुगवण्याचा फरक मात्र बरगड्या किती उघडतात आणि श्वास किती खोल घेता येतो यावर अवलंबून असतो. त्यासाठी धावणे आणि खोल श्वासाचा सराव वेगळा करावा लागेल. जाहिरातीतील ‘भरतीसाठी उपयुक्त’ हे विधान त्यामुळे अर्धेच खरे आहे.

किटमधील उरलेल्या वस्तूंचा निकाल लवकर लावता येतो. हातमोज्यांची शिवण महिन्याभरात उसवली. वाकडा रॉड दंडासाठी ठीक आहे, छातीशी त्याचा संबंध नाही. आहार तक्त्यात सकाळ-संध्याकाळ काय खावे याची लांबलचक यादी असूनही प्रथिने किती घ्यावीत याचा एकही आकडा नाही. स्नायू वाढवू इच्छिणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे सामान्यतः सांगितले जाते. ७० किलोंच्या माणसाला ती ११२ ग्रॅम होतात; एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतात, हे लक्षात घेतले तर तक्त्यातील ‘दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे’ कुठवर पोहोचतात, याचा हिशेब वाचकाने स्वतः करावा.

घरपोच सेवेबद्दल समाधान अर्धवट आहे. खोके वेळेवर आले, परंतु जोडणी स्वतः करावी लागते, आणि आमच्या खोक्यात पाठीच्या सांध्याचा एक बोल्ट कमी निघाला. तक्रारीनंतर तो आठवड्याने मिळाला, तोवर बेंच भिंतीला टेकून उभा होता. वॉरंटी एका वर्षाची आणि फक्त चौकटीची आहे. गादीचे रेक्झिन, फोम आणि खिट्टी तिच्यात येत नाहीत, आणि सर्वांत आधी झिजणार त्याच वस्तू आहेत. पावसाळ्यात दमट हवेने खिट्टीवर गंज चढतो, म्हणून तिला अधूनमधून तेलाचा हात द्यावा लागतो आणि सगळे नट महिन्यातून एकदा पान्याने आवळावे लागतात. घराजवळ रुंद बेंच आणि ३० किलोंपर्यंतचे डंबेल असलेली व्यायामशाळा माफक शुल्कात उपलब्ध असेल, तर नऊ हजारांत तिथे बरेच महिने निघतात आणि त्या माणसाने हा संच घेण्याचे कारण नाही. ज्याला वेळेअभावी घरीच व्यायाम करणे भाग आहे, त्याने सुटा बेंच मागवावा आणि तो घेताना २५ सेंटिमीटरऐवजी निदान २८ सेंटिमीटर रुंदीची गादी मिळते का, हे विक्रेत्याला आधी विचारून घ्यावे.