मॅट बेज फरशी, वर्षभरानंतर: टाइल पास, जॉइंट नापास

मोरबीची २ बाय ४ फुटी व्हिट्रिफाइड, मॅट, किंचित राखाडीकडे झुकणारा बेज. बाकीचं स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतं, ते सोडते.

सध्या घर 'निवांत' दिसायची टूम आहे. थंडगार राखाडी मागे पडला, वाळू-माती-लाकडाचे रंग आले. आम्ही बेज घेतला तो मात्र धुळीकडे बघून. समोर रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि नळाला निम्मा महिना टँकरचं पाणी. चारकोलचा नमुना घरी आणून पुसला, तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ओघळ. सासूबाईंच्या पसंतीच्या आयव्हरी ग्लॉसीवर प्रत्येक केस मोजून घ्यावा असा दिसत होता. बेजवर काहीच दिसेना. मावशी दांडी मारतात त्या दिवशी या रंगाची किंमत कळते.

तरी पहिल्या महिन्यात मी याला दोनच स्टार दिले असते. दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली ऊबदार वाटलेला बेज आमच्या ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या, ट्यूबखाली पार आजारी दिसायचा. हॉलमधले दिवे ४००० केल्विनचे, जरा उबदार पांढरे, केले आणि तीच फरशी आवडायला लागली. ट्यूब चालू होत्या, म्हणून त्या गॅलरीत आणि बाथरूममध्ये लावल्या.

आता मुख्य तक्रार. जॉइंट! ठेकेदाराला टाइलांमधल्या फटी भरायला बेज ग्राउट सांगितलं होतं, पुडीचा रंगही दाखवला होता. आम्ही कामावर गेलो आणि मिस्त्रीने व्हाइट सिमेंट भरून टाकलं. 'मॅडम, पांढरं उठून दिसतं.' दिसतं ना! २ मिलिमीटरच्या रेघांनी हॉलची वही झाली. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. सिमेंटचा जॉइंट मात्र डाळीच्या फोडणीपासून पोछ्याच्या पाण्यापर्यंत सगळं पितो. महिन्याभरात ओट्यासमोरच्या रेघा हळदी, पुढे काळ्या. ठेकेदार म्हणाला, 'ॲसिड मारा.' ॲसिड जॉइंटच खातं हे त्याला मीच सांगायचं का? शेवटच्या बिलातून पैसे कापले तेव्हा कुठे माणूस पाठवला.

पावसाळ्यानंतरची भर: स्वयंपाकघरातले जॉइंट खरवडून बेज इपॉक्सी, म्हणजे पाणी न पिणारं रेझिनचं ग्राउट, भरून घेतलं. साध्या ग्राउटच्या कितीतरी पट महाग, पण आता तेल सांडलं तरी फडक्याने निघतं. मात्र भरणाऱ्याच्या मागे उभं राहा. इपॉक्सी ओलं असतानाच टाइलवरून नीट पुसलं नाही, तर मॅटवर धुरकट थर बसतो आणि जाता जात नाही. आमच्या फ्रिजजवळ एक असा पट्टा आहे. रोज दिसतो.

म्हणून टाइल ठरवतानाच ग्राउटची पट्टी तिच्याशेजारी ठेवून बघा. जॉइंट टाइलहून अर्धी छटा गडद चांगला. सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, ते टेम्पोतून उतरवतानाच बघा. एक खोकं जादा ठेवा, कारण पुढच्या बॅचचा बेज हा बेज नसतो.

बेडरूमचे जॉइंट अजून पांढरेच आहेत. तिथे इपॉक्सीला पैसे घालणार नाही. पलंगाखाली कोण बघतंय?