पोच मागावी लागते, तिथला अनुभव: एका नागरी सुविधा केंद्राविषयी

वडिलांच्या निधनानंतर घरपट्टीच्या नोंदीत वारसा हक्काने आईचे नाव लावण्यासाठी आमच्या नगरपरिषदेच्या नागरी सुविधा केंद्रात तीनदा जावे लागले. काम मुदतीत झाले, हे आधीच नमूद करतो.

पहिल्या दिवशी अर्ज ठेवून घेतला, मात्र पोच दिली नाही. "नोंद झाली की कळवू" एवढेच उत्तर मिळाले. ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देणाऱ्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 चा सारा जीव या पोचपावतीत आहे. अर्ज क्रमांक आणि तारीख हाती असली तरच मुदत मोजता येते, आणि ती उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. सेवा, कालमर्यादा, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्यास जबाबदार असलेला अधिकारी) यांची माहिती देणारा फलक केंद्रात होता, पण एका कपाटाआड. दुसऱ्या दिवशी कायद्याचे नाव घेऊन पोच मागितली, तेव्हा ती पाच मिनिटांत मिळाली. खिडकीवरच्या बाईंशी माझे भांडण नाही. दोन माणसांचे काम त्या एकट्या करत होत्या.

मला लागले ते वेगळेच. सत्तरी ओलांडलेली आई तासभर उभी होती, कारण खिडकीच्या अलीकडे बसायला बाकच नाही. त्याच वेळी एक ठेकेदार थेट आत जाऊन खुर्चीवर बसले. कर भरणाऱ्याने ताटकळायचे आणि देयक घ्यायला आलेल्याने बसायचे, ही मांडणी कोणत्याही नियमात लिहिलेली नाही, तरी सगळे ती पाळतात.

कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्तीची तरतूद आहे. तथापि पहिली दोन अपिले प्रशासनातीलच वरिष्ठांपुढे चालतात. स्वतंत्र आयोगाकडे जाता येते ते तिसऱ्या अपिलात, आणि तिथवर टिकून राहणे हातावर पोट असलेल्याला जड जाते. पूर्वी अशा वेळी नगरसेवकाचे दार ठोठावता येई. मुदत संपलेल्या अनेक नगरपरिषदा आणि महापालिका 2022 नंतर काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा तेही दार बंद होते. नागरिकाला शासन दिसायचे ते या खिडकीतूनच.

फलक आणि बाक यांसाठी मी लेखी अर्ज दिला, अर्थात पोच घेऊन. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा फलक दारापाशी आणलेला दिसला. बाक अजून आलेले नाहीत.