बिल्ला पाँटिॲकचा, इंजिन टोयोटाचं: जुन्या व्हाइबचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. गाडी उत्तम आहे. ज्या दोन कंपन्यांनी, टोयोटाने आणि पाँटिॲकची मालक असलेल्या जनरल मोटर्सने (जीएमने), ती मिळून बनवली, त्यांतल्या जिला अशा गाडीची जास्त गरज होती तिलाच तिचं काय करायचं ते उमगलं नाही. मला ती स्वस्तात मिळाली ती त्यामुळेच.

माझी पाँटिॲक व्हाइब २००९ची, १.८ लिटर, ऑटोमॅटिक. इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, घरात दुसरी गाडी हवी होती. मुलगी नुकती चालवायला शिकत होती, त्यामुळे पोचे-ओरखडे पडले तरी जीव हळहळणार नाही अशीच हवी होती. जुन्या कोरोला पाहिल्या, पण त्यांच्या मालकांना त्या अजून शोरूममध्येच उभ्या आहेत असं वाटत असावं, असे भाव सांगतात. मग एका मित्राने व्हाइब सुचवली. आतून ही जवळपास टोयोटा मॅट्रिक्सच. फरक नाकाचा, दिव्यांचा, बंपरचा आणि बिल्ल्याचा. मॅट्रिक्स कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या केंब्रिजला बनायची, व्हाइब फ्रीमाँटला. एप्रिल २००९मध्ये जीएमने पाँटिॲक बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि गाडी पोरकी झाली. पोरक्या गाडीला बाजारात भाव नसतो. तेवढीच चाललेली मॅट्रिक्स हजारेक डॉलर महाग होती.

आता चालवण्याबद्दल. इंजिन टोयोटाचं २झेडआर-एफई, त्या वर्षीच्या कोरोलातलंच, १३२ हॉर्सपॉवरचं. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा मोठा खर्च टळतो. शहर आणि फ्रीवे मिळून गॅलनला सत्तावीस-अठ्ठावीस मैल पडतात. गिअर मात्र चारच. ताशी सत्तर मैलांच्या वेगात इंजिन चांगलंच ऐकू येतं, आणि ६८० फ्रीवेवर सुनोल ग्रेडच्या चढाला ती गिअर खाली पाडून ओरडत वर जाते. जाते हे महत्त्वाचं. स्टिअरिंग इलेक्ट्रिक, हलकं आणि जरा निर्जीव. मुलीला तेच आवडतं, मला नाही. मागचे खांब जाड आहेत, लेन बदलताना मान पूर्ण वळवूनच बघावं लागतं. शिकणाऱ्याला ती सवय लागते हा फायदाच म्हणायचा.

खरी मजा डिकीत आहे. मागच्या सीट पाडल्या की सपाट, कडक प्लॅस्टिकचा तळ मिळतो. चिखल, माती, सांडलेलं काहीही ओल्या फडक्याने पुसून निघतं. पुढची ड्रायव्हरशेजारची सीटही आडवी होते. गणपतीत मंडळाच्या मखराच्या लांब पट्ट्या काचेपासून डिकीच्या दारापर्यंत आडव्या टाकून आणल्या. ज्यांच्याकडे मोठ्या एसयूव्ही होत्या त्यांच्यात त्या बसल्या नव्हत्या, हे इथे नमूद करणं मला आवश्यक वाटतं.

सर्व्हिसिंगमध्ये गंमत होते. पाँटिॲकचा डीलर आता कुठेच नाही. पहिल्या ऑइल चेंजला एका पार्ट्सच्या काउंटरवरच्या पोराने ‘पाँटिॲक’ ऐकून मानच हलवली. मी म्हटलं, कोरोला २००९, १.८ लिटर. लगेच कार्ट्रिज फिल्टर समोर आला. तेव्हापासून इंजिनाचं काही लागलं की मी कोरोलाचंच नाव घेतो. बाहेरचं काही, म्हणजे बंपर, हेडलाइट, ग्रिल, हवं असेल तर मात्र भंगारवाडे पालथे घालायची तयारी ठेवा.

रिकॉलची भानगड त्याहून उलटी. २०१०मध्ये टोयोटाने अडकणाऱ्या ॲक्सिलरेटर पेडलसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या, तेव्हा त्या यादीत व्हाइबही होती. पुढे ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्येही ती आली. पण बिल्ला जीएमचा, म्हणून काम शेवरोलेसारख्या जीएमच्याच डीलरकडे. म्हणजे डिझाइन एकाचं, दुरुस्तीचं दार दुसऱ्याचं. भागीदारीची गाडी घेताना कुठल्या काउंटरवर उभं राहायचं ते आधी माहीत करून घ्यावं लागतं.

ही गाडी जिथे बनली तो कारखाना आमच्या घरापासून लांब नाही. ८८० फ्रीवेवरून जाताना दिसतो, आता त्यावर टेस्लाचं नाव आहे. आधी तो जीएमचा. संप, दांड्या, हजेरीपटावर रोज मोठी खिंडारं, अशी त्याची कीर्ती होती, आणि १९८२मध्ये जीएमने तो बंद केला. त्याच सुमारास अमेरिकेत येणाऱ्या जपानी गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आल्या होत्या, त्यामुळे टोयोटाला अमेरिकेत उत्पादन हवं होतं. जीएमला छोटी गाडी फायद्यात कशी बनवायची ते शिकायचं होतं. दोघांनी मिळून ‘नुमी’ ही कंपनी काढली आणि डिसेंबर १९८४मध्ये पहिली शेवरोले नोव्हा बाहेर पडली.

गंमत अशी की कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. त्यांतल्या शेकडो लोकांना जपानला, ताकाओका कारखान्यात, नेऊन शिकवलं. काही चुकतंय असं दिसलं की लाइनवरच्या साध्या कामगाराने दोरी ओढायची आणि वेळ पडली तर अख्खी लाइन थांबवायची. जीएमच्या जुन्या शिस्तीत लाइन थांबवणं हा गुन्हा होता. थोड्याच काळात त्याच लोकांच्या हातून टोयोटाच्या तोडीच्या गाड्या निघू लागल्या आणि दांड्या जवळपास बंद झाल्या. अमेरिकन कामगारच आळशी, असं म्हणणाऱ्यांची त्यानंतर पंचाईत झाली असणार.

मग जीएमला ते इतर कारखान्यांत का नेता आलं नाही? नेलं, पण रडतखडत आणि फार उशिरा. नुमीत शिकून आलेले मॅनेजर परत गेले की मोठ्या व्यवस्थेत विखुरले जायचे. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमध्ये तोच प्रयोग करून पाहिला, तिथे मॅनेजरांनी आणि कामगारांनी दोघांनीही तो मनावर घेतला नाही, आणि १९९२मध्ये तो कारखाना बंद पडला. दोरी बांधता येते हो, पण ती ओढणाऱ्यावर खेकसायचं नाही हे वरिष्ठांना कोण शिकवणार? टोयोटाने मात्र आपला धडा चटकन गिरवला. अमेरिकन कामगार, अमेरिकन पुरवठादार कसे सांभाळायचे ते इथे पाहिलं आणि १९८८मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनला स्वतःचा कारखाना सुरू केला.

विक्रीतही तेच. एकाच लाइनवरून कोरोला आणि शेवरोले प्रिझ्म निघायच्या, लोक कोरोलाला जास्त पैसे मोजायचे. माझी व्हाइब त्याच घराण्यातली. जून २००९मध्ये जीएमचं दिवाळं निघालं, ऑगस्टमध्ये शेवटची व्हाइब बनली, आणि १ एप्रिल २०१० रोजी शेवटची कोरोला काढून नुमीला कुलूप लागलं. हजारो लोकांचं काम गेलं.

म्हणून अमेरिकन कंपन्यांनी परक्यांशी हात मिळवावा का, यावर माझं उत्तर ‘जरूर मिळवावा’ असंच आहे. फक्त तयार गाडीवर आपला बिल्ला लावण्यापुरता नको. तशा भागीदारीत माझ्यासारख्या सेकंडहँड गिऱ्हाइकाचं भलं होतं, कंपनीचं नाही. फोर्डचं मिशिगनमधल्या मार्शलचं प्रकरण मला या दृष्टीने बरं वाटतं: बॅटरीचा कारखाना फोर्डचा, तंत्र सीएटीएल या चिनी कंपनीकडून परवान्यावर. राजकारण्यांनी त्यावर खूप आरडाओरडा केला, पण तिथे निदान हात फोर्डच्या माणसांचे काळे होणार आहेत. जीएम आणि ह्युंदाईने २०२५मध्ये पाच गाड्या मिळून बनवायचं जाहीर केलं. त्यांतल्या चार मध्य आणि दक्षिण अमेरिकेसाठी आहेत. त्यात कोण कोणाकडून काय शिकणार ते मला अजून दिसलेलं नाही. आणि काळाचा महिमा बघा, होंडा प्रोलॉग ही इलेक्ट्रिक गाडी जीएमच्या बॅटरी-चासिसवर, जीएमच्याच मेक्सिकोतल्या रामोस अरिस्पे कारखान्यात बनते. या वेळी बिल्ला जपानी आणि पोट अमेरिकन.

पुण्यातल्या वाचकांना हे काही परकं नाही. जीप कंपास रांजणगावला फियाट आणि टाटांच्या सामाईक कारखान्यात बनते, आणि तिच्यातलं दोन लिटरचं फियाट डिझेल टाटाच्या हॅरिअरमध्येही बसतं, एमजीच्या हेक्टरमध्येही बसवलं गेलं. माझा भाऊ कंपास चालवतो आणि ती ‘अमेरिकन गाडी’ आहे असं सगळ्यांना सांगतो. मी वाद घालत नाही.

व्हाइब घ्यायची असेल तर व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एअरबॅगचं रिकॉल झालंय का ते पाहा, झालं नसेल तर आधी ते फुकट करून घ्या. इथे स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, पास झाल्याचा कागद विकणाऱ्याकडूनच मागा. पाच उंच माणसं रोज बसणार असतील तर नका घेऊ, मागे मधल्याचे हाल होतात. वारंवार डोंगरात जाणार असाल तर पुढच्या चाकांवर चालणारी २.४ लिटरची बघा, तिला पाच गिअर आहेत. पेट्रोल जरा जास्त लागतं, आणि ते इंजिन ऑइल पिण्यासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा डिपस्टिक पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.