बिमॅक की ब्रायरियस?

टाकी चांगली तीन-चार महिने मुरली आहे, झाकणाला क्लिपा बसल्या आहेत, अमोनिया-नायट्राइट ही पाण्यातली विषारी द्रव्यं शून्यावर आहेत आणि आता फक्त बिमॅक आणि ब्रायरियस या दोन जातींपैकी कुठला ऑक्टोपस आणायचा एवढंच ठरायचंय, असं धरून लिहितो. सॅन होजेच्या आमच्या फ्लॅटमध्ये, एकाच ५५ गॅलनच्या टाकीत, मी दोन्ही पाळले. आधी कॅरिबियन समुद्रातला ब्रायरियस आणि तो गेल्यावर इथल्याच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा बिमॅक. दुकानात पुष्कळदा नुसतं ‘ब्राउन ऑक्टोपस’ लिहिलेलं असतं, तेव्हा आणताना डोळ्यांखालचे दोन निळे ठिपके बघून घ्या. ते असतील तर बिमॅक असण्याची शक्यता जास्त.

कागदावर ब्रायरियसच सरस. उष्ण पाण्यातला गडी, २४-२५ अंशांवर खूश, चिलरची, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची, भानगड नाही. दिसायलाही देखणा. अंगावर निळी-हिरवी झाक, आणि शिकारीला निघाला की हातांमधला पडदा छत्रीसारखा फुगवून दगडावर पडतो. बिमॅकला मात्र १८-२० अंशांचं पाणी लागतं. पंप आणि दिवे पाणी तापवत असतातच, म्हणजे चिलर आलाच. त्याचे काहीशे डॉलर, वर फ्रिजसारखी घरघर. आमच्या हिला ती अजून झोपेत ऐकू येते.

ब्रायरियस निशाचर आहे हे मला आधीच माहीत होतं. ऑक्टोपसला लाल उजेड फारसा दिसत नाही, तेव्हा लाल दिवा लावून बघत बसू असा बेत होता. पंधरा दिवस बसलोही. पण तो दिसत नाही ही माझी तक्रार नव्हेच. वैताग वेगळाच होता: तो जेवला की नाही, हे कळायचंच नाही. रात्री अकराला खेकडा सोडायचा आणि सकाळी साडेसहाला बॅटरी घेऊन टाकीपुढे गुडघे टेकायचे. बिळाच्या तोंडाशी पोकळ कवच दिसलं की चहा गोड लागायचा. एकदा कवच दिसलं नाही. म्हटलं, आत ओढून नेलं असेल. तिसऱ्या दिवशी अमोनिया चढला. दगड उचलून बघतो तर मागे अख्खा खेकडा कुजलेला, आणि आमचा पाहुणा तीन दिवस उपाशी. म्हातारपण आलं की ऑक्टोपस खाणं सोडतो, पाणी बिघडलं तरी सोडतो. बिळात मुटकुळं करून बसलेल्याकडे बघून यातलं काय झालंय ते कसं ओळखणार?

बिमॅक संध्याकाळी सातच्या सुमारास काचेशी येऊन उभा. मुलीने त्याचं नाव अष्टपुत्रे ठेवलंय. चिमट्यात कोळंबी धरली की एक हात सावकाश येतो, चोषकांनी चाचपतो आणि ओढून घेतो. घेतली नाही तर तुकडा लगेच बाहेर काढायचा आणि पाणी तपासायला घ्यायचं. कातडीचा रंग उतरलाय का, श्वास जोरात चाललाय का, सगळं समोर दिसतं.

बाकी बाबतीत दोघांना डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. आयुष्य साधारण वर्षाचं, बिमॅक कधी दीड वर्ष काढतो. मोठा झालेला आणलात तर हातात काही महिनेच मिळतात. पळपुटे दोघेही. आणि तांबं दोघांनाही विष. त्यांच्या स्वतःच्या रक्तात तांबं असतं, म्हणूनच ते निळं दिसतं, पण पाण्यातलं तांबं सोसत नाही. पुण्याहून आलेली आई एकदा टाकीत पाणी कमी झालंय म्हणून तांब्याचा तांब्या भरून निघाली होती. मी सोफ्यावरून उडी मारली.

आता माझा अनुभव एकेकाचाच, आणि ऑक्टोपसागणिक स्वभाव बदलतो. भरदिवसा हिंडणारा ब्रायरियस असलेला एकजण मला भेटलाय. तुम्ही रात्रपाळी करत असाल किंवा मुळातच दोनपर्यंत जागत असाल, तर ब्रायरियस घ्या, चिलरचे पैसे वाचतील. आम्ही दहाला झोपणारी माणसं, आमच्याकडे पुन्हा बिमॅकच येईल. फक्त चिलर कुठे ठेवायचा ते आधी ठरवा. आवाज नको म्हणून मी तो कपाटात कोंडला होता, तर गरम हवेला बाहेर पडायला वाटच नाही. दोन दिवस चिलर अखंड चालू आणि टाकी मात्र २३ अंशांवरून हलेना.