लातूरमधील बालवाढ व शारीरिक क्षमता तपासणी केंद्र : माप चोख, निकाल अर्धवट

तान्ह्या बाळापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची वाढ आणि शारीरिक क्षमता एकाच छताखाली तपासून देणारे एक खासगी केंद्र लातूर शहरात आहे. उन्हाळी सुट्टी लागताच आम्ही घरातली चारही मुले तिथे नेली. धाकट्या भावाची दहा महिन्यांची मुलगी, माझा सात वर्षांचा मुलगा, बारा वर्षांची मुलगी आणि थोरल्या भावाचा चौदा वर्षांचा मुलगा अशी ही चार वयांची चार मुले असल्यामुळे केंद्राचे जवळजवळ सगळे काम एकाच भेटीत पाहता आले. मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि दरवर्षी मुलांची उंची-वजने नोंदवतो, त्यामुळे माझे लक्ष मोजण्याच्या पद्धतीकडे अधिक होते. मोजण्याचे काम येथे ज्या निगुतीने होते तसे मी आपल्या भागात क्वचितच पाहिले आहे. मात्र क्षमता चाचणीचा निकाल लिहिताना हीच निगुती सुटते आणि त्याचा फटका नेमका वयात येणाऱ्या मुलांना बसतो, असे माझे मत झाले.

आधी बाळाविषयी लिहितो. वजन करण्यापूर्वी तेथील परिचारिकेने तिचे कपडे आणि लंगोट तर काढायला लावलेच, शिवाय पायांतले चांदीचे वाळे, मनगट्या आणि कमरेचा करदोटाही उतरवून ठेवायला सांगितले. माझी भावजय करदोटा काढायला जरा कचरली, तेव्हा परिचारिकेने रिकाम्या काट्यावर ते सगळे दागिने ठेवून आकडा दाखवला आणि म्हणाली, "ताई, एवढं वजन बाळाचं नाही. पुढच्या महिन्यात हे अंगावर नसलं तर बाळ वाळलं असं वाटेल." दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्याचा खरा उपयोग अशा वागण्यामुळेच होतो. लांबी मोजताना बाळाला फळीवर निजवून एकीने डोके वरच्या पट्टीला टेकवून धरले आणि दुसरीने गुडघे हलके दाबून पाय सरळ केले. एकट्याने हे माप बरोबर येत नाही, तरी अनेक ठिकाणी ते एकट्यानेच उरकले जाते. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला निजवून आणि त्यानंतर उभे करून मोजतात. निजवून घेतलेले माप उभ्या मापापेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून कोणते माप कसे घेतले हे अहवालात लिहिलेले असावे लागते. येथे ते लिहिलेले होते. डोक्याचा घेर आणि दंडघेरही घेतला. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात, हे त्यांनी भावजयीला फितीवरचा रंग दाखवून समजावले.

बाळ रांगत नाही ही घरातल्या सगळ्यांची काळजी होती. त्यावर डॉक्टरांनी सांगितले की काही निरोगी मुले रांगण्याचा टप्पा गाळूनच उभी राहतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींनुसार आधाराशिवाय चालणे साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू होऊ शकते. बाळ आधाराशिवाय बसते, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेते, हाक मारली की वळते, हे त्यांनी स्वतः पाहिले आणि मगच धीर दिला.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे केंद्र जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख वापरते. भारतासह सहा देशांतील, स्तनपान मिळालेल्या आणि चांगल्या परिस्थितीत वाढलेल्या मुलांच्या मापांवरून ते तयार झाले आहेत. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे आलेख आहेत. माझा मुलगा वर्गात सर्वांत बुटका म्हणून आम्ही धास्तावलो होतो. आलेखावर त्याचा बिंदू दहाव्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण दहा मुले जिच्या खाली असतात त्या रेषेच्या, जरा खाली पडला. परंतु शाळेच्या आरोग्यपत्रकावरच्या मागच्या वर्षांच्या उंच्याही डॉक्टरांनी त्याच आलेखावर मांडल्या आणि सगळे बिंदू एकाच रेषेला धरून चाललेले दिसले. वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरची वाढ या वयात योग्यच आहे. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचे, असा मोठेपणीच्या उंचीचा एक ढोबळ हिशेब असतो. माझी उंची १६६ आणि पत्नीची १५२, म्हणजे अंदाज १६५.५ सेंटिमीटर, त्यात सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे. मुलगा आमच्याच अंगलटीवर गेला आहे, त्याला औषधाची गरज नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. उंची वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरींचा एकही डबा या केंद्रात दिसला नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

मुलीच्या तपासणीत महिला डॉक्टर होत्या, पडदा होता आणि पाळीविषयीचे प्रश्न माझ्यासमोर न विचारता तिच्या आईच्या सोबतीने विचारले गेले. वर्षभरात ती आठ सेंटिमीटरने वाढली आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास वाढते आणि पाळी सहसा हा वेग ओसरू लागल्यावर येते, हे कळल्यामुळे पत्नीच्या मनातली "पाळी आली की उंची थांबते" ही भीती बरीच कमी झाली. वाढ मंदावते, पण बहुतेक मुली त्यानंतरही काही सेंटिमीटर वाढतात.

आता दुसऱ्या भागाकडे, म्हणजे क्षमता चाचणीकडे वळतो. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीचाच आराखडा येथे वापरतात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन तबकड्यांना आळीपाळीने झटपट हात लावणे, तर त्यापुढील मुलांसाठी ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि जोर. आराखडा चांगला आहे आणि साहित्यही नीट होते. परंतु ६०० मीटरची धाव सकाळी अकराच्या सुमारास, इमारतीमागच्या सिमेंटच्या रस्त्यावर घेतली. उन्हाळ्यात मराठवाड्यात त्या वेळी मोठी माणसेही सावली शोधतात. अशा उन्हात आलेली वेळ मुलाची क्षमता दाखवत नाही आणि मुलाला त्रास होण्याचा धोका वेगळाच. ही चाचणी सकाळी सातला घ्यावी, अन्यथा त्या दिवशी घेऊच नये.

याहून मोठा दोष निकालपत्रकात आहे. चौदा वर्षांच्या पुतण्याच्या अहवालाच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लिहिले आहे की त्याच्या उंचीची झेप, म्हणजे वयात येताना उंची एकदम वेगाने वाढण्याचा काळ, अद्याप सुरू झालेली नाही. मुलांमध्ये ही झेप सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोहोचते, म्हणजे मुलींपेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा, आणि त्यातही एका मुलाची बाराव्या वर्षी तर दुसऱ्याची सोळाव्या वर्षी येऊ शकते. स्नायूंची ताकद प्रामुख्याने या झेपेबरोबर आणि तिच्यानंतर वाढते. हे सगळे पहिल्या पानावर मान्य करून दुसऱ्या पानावर त्याच मुलाला जोर आणि ५० मीटर धावेसाठी लाल शाईत "कमी" असा शेरा दिला आहे, कारण तक्ता केवळ जन्मतारखेवरून वाचला गेला. आमच्या आठवीच्या वर्गात मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून बालपणाचा आवाज असलेला मुलगा एकाच बाकावर बसतात. दोघांचे वय सारखे असले तरी शरीरे सारखी नसतात, आणि अशा शेऱ्यानंतर मैदानाकडे पाठ फिरवलेली मुले मी पाहिली आहेत. शारीरिक परिपक्वतेची एक ओळ त्या तक्त्याखाली लिहिणे अजिबात अवघड नाही. चाचणी घेणारा प्रशिक्षक आणि डॉक्टर एकमेकांशी न बोलता आपापले पान भरतात, एवढेच यातून दिसते. मी हे तिथेच सांगितले. डॉक्टरांनी ते मान्य केले आणि प्रशिक्षकाला बोलावून शेऱ्याखाली स्वतःच्या हाताने नोंद केली, पण छापील नमुना अजून तोच आहे.

थोरल्या भावाला या तपासणीतून खरे तर एकच उत्तर हवे होते : पोरगा पोलीस भरतीच्या उंचीत बसेल का? पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटर लागतात, हे आपल्याकडे गावोगावी पाठ असते. झेप यायची असताना आजच्या उंचीवरून तसे सांगता येणार नाही, दर सहा महिन्यांनी मोजत राहा, असे डॉक्टरांनी सांगितले. भाऊ नाराज झाला, तरी हे उत्तर योग्यच होते.

आहारपत्रक निराशाजनक आहे. त्यात ओट्स आणि अव्होकॅडो आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे, शेवग्याचा पाला यांचा उल्लेखही नाही.

एका मुलामागे सहाशे रुपये हे शुल्क ऊसतोडणीला किंवा रोजंदारीला जाणाऱ्या कुटुंबाला परवडणारे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा विनामूल्य तपासणी करण्यासाठी येते, आणि अंगणवाडीत नियमित वजन-उंची होतेच. त्या नोंदी नीट होत असतील तर केवळ मापांसाठी लातूर गाठण्याचे कारण नाही. मूल आपली रेषा सोडून खाली घसरत असेल, वयात येण्याची चिन्हे फार लवकर किंवा फार उशिरा दिसत असतील, किंवा शाळेतल्या मापांवर विश्वास बसत नसेल, तर मात्र येथे जरूर जावे. नोंदणी फोनवरून होते. सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. मुलींचे केस वर बांधू नयेत, कारण आंबाडा किंवा उंच वेणी असली की ती सोडायला लावतात. सोबत माता व बाल संरक्षण कार्ड, शाळेचे आरोग्यपत्रक आणि आई-वडिलांची खरी मोजलेली उंची न्यावी. पुतणीचे कार्ड नेले होते म्हणून तिच्या जन्मापासूनच्या सगळ्या वजनांची रेषा तिथल्या तिथे काढता आली, आणि सातव्या महिन्यातल्या जुलाबानंतर उतरलेले वजन नवव्या महिन्यात भरून निघाल्याचे तिच्या आईला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले.